परतीच्या वाटेवरचं ठाणं

१८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर ठाण्याला आले, ते नव्या सेंट जेम्स चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी. हे चर्च जुन्या ठाण्यात आजही उभं आहे. त्या वेळचं ठाणं म्हणजे किल्ला, खाडी, तलाव आणि कंपनी सरकारची छावणी. आसपासच्या रोमन कॅथलिक वस्तीविषयी बिशपांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला स्नानाच्या कुंडात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं बेचाळीस.

या हीबरना इंग्लंडने ओळखलं होतं ते मात्र कवी म्हणून. १८०३ साली ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी ‘पॅलेस्टाईन’ नावाची दीर्घ कविता लिहिली आणि विद्यापीठाचं बक्षीस मिळवलं. त्या कवितेची एक गोष्ट सांगतात. न्याहरीच्या वेळी हीबर कविता वाचून दाखवत होते. पाहुणा होता वॉल्टर स्कॉट. स्कॉट म्हणाला, शलमोनाचं मंदिर बांधताना हातोड्याचा आवाजसुद्धा झाला नाही, ही एवढी मोठी गोष्ट तुझ्याकडून निसटली. हीबर खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि काही मिनिटांत त्या प्रसंगाच्या ओळी लिहून परत आले. पुढे याच ओळी सर्वांत जास्त गाजल्या. मला मात्र त्या कवितेत महत्त्वाचा वाटतो तो शेवटाकडचा भाग. तिथे विखुरलेले ज्यू आपल्या जुन्या घरी परततात आणि दावीदाचं राज्य पुन्हा उभं राहतं.

विशीच्या उंबरठ्यावरच्या एका इंग्रज तरुणाला, पाद्र्याच्या मुलाला, ज्यूंच्या परतण्याची एवढी ओढ का असावी? तेव्हा राजकीय झिओनवाद, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र मागणारी चळवळ, जन्माला यायला नव्वदेक वर्षं होती. या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वाट इंग्लंड, स्कॉटलंड आणि बॉस्टनमधून फिरून पुन्हा कोकणात येते. हीबर ठाण्यात आले तेव्हा मुंबई इलाख्याच्या पलटणींत असे शिपाई आणि सुभेदार होते, जे घरी मराठी बोलत, शनिवार पवित्र मानत आणि स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं, म्हणवत. हीबरच्या कवितेतले परतणारे लोक ते हेच.

पण आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ठाणे-कल्याणला ख्रिस्ती धर्म हीबरबरोबर आला नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की कल्याण बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांचे अवशेष जॉर्डानस नावाच्या साधूने सोपाऱ्याला नेऊन पुरले. नंतर पोर्तुगीज आले, तलावपाळीवर चर्च उभं राहिलं, गावंच्या गावं कॅथलिक झाली. हीबर येण्याच्या आधीची ही तेराशे वर्षं. एवढ्या काळात कल्याणच्या इराणी परंपरेने किंवा ठाण्याच्या कॅथलिकांनी ज्यूंना परत पॅलेस्टाईनला पाठवण्याचं स्वप्न धरलं, असं कुठे दिसत नाही. ते त्यांच्या शिकवणीतच नव्हतं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मांडलं होतं की प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं हजार वर्षांचं राज्य म्हणजे आत्ता चालू असलेला चर्चचाच काळ. जुन्या करारात इस्राएलला दिलेली वचनं आता चर्चला मिळाली, असं मानलं गेलं. मग ज्यूंना वेगळं राष्ट्र, वेगळी भूमी कशाला? १९०४ साली राजकीय झिओनवादाचे प्रणेते हर्झल पोप पायस दहावे यांना भेटले आणि पाठिंबा मागितला, तेव्हा पोपनी साफ नकार दिला, तो याच परंपरेतून.

स्वप्न आलं ते बायबल वाचण्याच्या नव्या रीतीतून. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने बायबल लोकांच्या भाषेत आणलं आणि सामान्य माणसाच्या हाती दिलं. लोहार, विणकर, शेतकरी आपल्या घरात बसून यशया आणि यहेज्केल वाचू लागले. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात एका खोऱ्यात पडलेल्या कोरड्या हाडांवर मांस चढतं, त्यांत प्राण येतो, आणि देव सांगतो की हे इस्राएलचं घराणं आहे, मी त्याला त्याच्या देशात नेईन. पाद्र्याच्या मध्यस्थीशिवाय हे वाचणाऱ्या माणसाला ‘इस्राएल’ म्हणजे ‘चर्च’ असं का वाटावं? त्याने सरळ अर्थ घेतला. इस्राएल म्हणजे इस्राएल. देश म्हणजे देश.

याला जोड मिळाली पौलाच्या रोमकरांस पत्राची. अकराव्या अध्यायात पौल जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त देतो. झाडाच्या काही फांद्या तुटल्या आणि त्या जागी रानजैतुनाची फांदी कलम केली गेली. ही रानफांदी म्हणजे ज्यू नसलेले विश्वासी. पौल त्यांना बजावतो, गर्व करू नका, मूळ तुम्हाला धरून आहे, तुम्ही मुळाला नाही. आणि तुटलेल्या फांद्या पुन्हा त्याच झाडावर कलम करायला देव समर्थ आहे. कलम म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. हापूसचं कलम कितीही गोड फळं देवो, ते उभं असतं खालच्या रायवळ खोडावर. प्रॉटेस्टंट वाचकाच्या मनात ज्यूंविषयीचं ऋण याच दृष्टान्तातून रुजलं. १५६० च्या जिनेव्हा बायबलच्या समासात या अध्यायावर टिपा होत्या आणि ज्यूंचं सबंध राष्ट्र एक दिवस विश्वासात येईल, असं त्या सांगत. हे बायबल इंग्लंडमध्ये घरोघरी गेलं.

१६२१ साली हेन्री फिंच या इंग्रज वकिलाने एक पुस्तक लिहिलं. ज्यू आपल्या देशी परततील, तिथे त्यांचं राज्य होईल आणि जगातले राजे त्यांच्यापुढे झुकतील, असं त्याचं म्हणणं. राजा पहिला जेम्स भडकला. एका परक्या राज्यापुढे त्याने का झुकावं? फिंचला अटक झाली. धर्मग्रंथाच्या वाचनातून निघालेला विचार राजकारणाला कसा भिडतो, त्याचं हे फार लवकरचं उदाहरण.

आता स्कॉटलंड. १६४७ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत ‘तुझं राज्य येवो’ या प्रार्थनेचा अर्थ समजावताना ज्यूंना बोलावलं जावं म्हणून प्रार्थना करायला सांगितलं आहे. स्कॉटिश पाद्री हे शिकूनच तयार होत. १८३९ साली चर्च ऑफ स्कॉटलंडने चार पाद्री पॅलेस्टाईनला पाठवले. त्यांतला रॉबर्ट मरे मॅकचेन हा डंडी शहराचा जेमतेम पंचविशी ओलांडलेला पाद्री. तो तिकडे असताना त्याच्याच मंडळीत भक्तीची मोठी लाट उसळली. लोकांनी अर्थ लावला: ज्यूंसाठी गेलो म्हणून देवाने आशीर्वाद दिला. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहामाला दिलेलं वचन, तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन, त्यांना आपल्या गावात खरं होताना दिसलं. त्याच चौघांतल्या अलेक्झांडर कीथने १८४३ च्या पुस्तकात लोकांविना देश आणि देशाविना लोक, अशी कल्पना मांडली. पुढे ही कल्पना घोषणा बनली आणि तिच्यामुळे फार अनर्थ झाला. त्याकडे येऊच.

याच स्कॉटिश वातावरणात वाढलेले जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले. मराठी ते शिकले ते कोकणात, बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढलं. कोकणातले हे शनिवार पाळणारे लोक त्यांना दिसले आणि १८३२ साली त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, बेने इस्राएलांसाठी.

हे पुस्तक काय होतं याची कल्पना करून पाहा. उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू अक्षरं आणि डावीकडून उजवीकडे जाणारी आपली मराठी, दोन्ही एकाच पानावर. शेकडो वर्षं कोकणात राहिलेल्या या समाजाजवळ काय उरलं होतं? शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, काही सण आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. बाकी सगळ्या बाबतीत ते कोकणी होऊन गेले होते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून गावात ओळख ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून: केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर, पेणकर. आपल्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, ते ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यांच्या जुन्या सिनेगॉगवरून पडलं, असंही सांगितलं जातं. अशा माणसाच्या हातात, त्याच्याच मातृभाषेतून, त्याच्या पूर्वजांच्या भाषेचं व्याकरण आलं. त्या क्षणाचं मोल मोठं आहे आणि ते देणाऱ्याचा हेतू कोणताही असला तरी कमी होत नाही.

हेतू लपवलेला नव्हता. विल्सनना बेने इस्राएल ख्रिस्ती व्हायला हवे होते. अमेरिकन मराठी मिशनचंही तेच. त्यांची माणसं १८१३ पासून मुंबईत होती, त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मास्तर शिकवत. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने १८१९ साली बॉस्टनहून आणखी दोन तरुण पाठवले, लेवी पार्सन्स आणि प्लायनी फिस्क, पॅलेस्टाईनसाठी. निघताना पार्सन्सने प्रवचन दिलं ते ज्यूंच्या पुनःस्थापनेवर. म्हणजे एकाच संस्थेच्या एकाच तिजोरीतून यरुशलेमचा खर्च होत होता आणि कोकणातल्या मराठी शाळांचाही. विल्सन स्वतः १८४३ मध्ये मुंबईहून इजिप्त, सिनाय आणि पॅलेस्टाईन फिरून स्कॉटलंडला गेले. बरोबर होते धनजीभाई नौरोजी, ख्रिस्ती झालेले पारशी तरुण. त्या प्रवासाचं जाडजूड पुस्तक १८४७ ला निघालं.

आणि बेने इस्राएलांनी काय केलं? शाळा घेतली, हिब्रू घेतली, मराठी बायबल घेतलं. बाप्तिस्मा घेतला नाही. धर्मांतरं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, त्यात मिशनऱ्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हिब्रू-मराठीत छापला गेला. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गाद्यात तर चित्रं आहेत. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात, मळणं, लाटणं, भाजणं, सगळं आपल्या स्वयंपाकघरासारखं. मिसरच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या बायका पदर खोचून बसलेल्या. ज्याला मराठी यहुदीपण म्हणजे काय हे एका नजरेत बघायचं असेल त्याने ते चित्र बघावं. ख्रिस्ती मिशनने दिलेलं ज्ञान या समाजाने स्वतःचा धर्म घट्ट करायला वापरलं. १८७९ मध्ये ठाण्यात टेंभी नाक्याजवळ सिनेगॉग उभं राहिलं, ‘शाआर हाशामाईम’, स्वर्गाचं दार. हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाच्या स्वप्नावरून आलं आहे.

दरम्यान युरोपात ज्यूंच्या परतण्याच्या विचाराची दिशा बदलली. जुनी समजूत अशी होती की आधी ज्यू ख्रिस्ती होतील, मग जमलं तर परततील. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीसारख्यांनी काळाचे टप्पे पाडून वेगळा क्रम मांडला: ज्यू अविश्वासातच परततील, मग संकटाचा काळ येईल, मग ख्रिस्ताचं पुनरागमन. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलने हा क्रम पानोपानीच्या टिपांतून अमेरिकेत घरोघरी पोहोचवला. या क्रमात ज्यूंचं परतणं ही पहिली पायरी झाली. पायरी चढल्याशिवाय वर जाता येत नाही, म्हणून त्यांनी परतावं, आणि लवकर परतावं.

ही घाई ज्या माणसात मूर्तिमंत दिसते तो विल्यम हेक्लर १८४५ साली बनारसमध्ये जन्मला, मिशनरी बापाच्या पोटी. पुढे तो व्हिएन्नातल्या ब्रिटिश वकिलातीचा पाद्री झाला. त्याने हिशोब केला होता. प्रकटीकरणात बेचाळीस महिने परराष्ट्रीय लोक पवित्र नगर तुडवतील असं म्हटलं आहे. बेचाळीस महिने म्हणजे १२६० दिवस, एक दिवस म्हणजे एक वर्ष. खलिफा उमरने यरुशलेम घेतलं ते ६३७-३८ च्या सुमारास. बेरीज येते १८९७-९८. आणि १८९६ साली त्याच्या हाती हर्झलचं ‘ज्यू राष्ट्र’ हे पुस्तक पडलं. हेक्लर धावत हर्झलकडे गेला. आपल्या बायबलांनी भरलेल्या खोलीत त्याने हर्झलला पॅलेस्टाईनचा प्रचंड नकाशा पसरून दाखवला, मंदिराची प्रतिकृती दाखवली. हर्झल धार्मिक नव्हता, त्याला हे विचित्र वाटलं. पण जर्मन राजघराण्यांपर्यंत त्याला पोहोचवलं ते हेक्लरनेच.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये बाझलला पहिली झिओनिस्ट परिषद भरली. तिचं बोलावणं मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. सियोनला आम्हाला ईश्वराचाच हात नेईल, त्याची आम्ही वाट पाहतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय.

या दोन घटना मी शेजारी ठेवतो तेव्हा मला हे सगळं प्रकरण उलगडल्यासारखं वाटतं. बनारसमध्ये जन्मलेला ख्रिस्ती पाद्री बोटांवर वर्षं मोजतो आहे, आणि ज्यांच्यासाठी मोजतो आहे ते कोकणातले लोक म्हणतात, आम्हाला घाई नाही. दोघांचा ग्रंथ एक, वचनं तीच. पण हेक्लरसाठी ज्यू हे एका मोठ्या कथेतलं पात्र होतं, त्या कथेचा शेवट ख्रिस्ताच्या पुनरागमनात होता. बेने इस्राएल स्वतःच्या कथेत राहत होते. ख्रिस्ती झिओनवादातलं प्रेम खरं आहे, त्यात मला शंका नाही. पण ते ज्यूंवर जितकं आहे तितकंच ग्रंथातल्या ज्यूंवर आहे, आणि हे दोन नेहमी एक नसतात.

पुढच्या वीस वर्षांत हा विचार राज्यसत्तेपर्यंत पोहोचला. ज्यूंसाठी पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर उभारण्याला पाठिंबा देणारं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फर यांचं २ नोव्हेंबर १९१७ चं पत्र युद्धाच्या डावपेचांतून निघालं हे खरं, पण पंतप्रधान लॉइड जॉर्ज लहानपणापासून जुन्या करारावर वाढले होते, आणि बाल्फरही स्कॉटिश धार्मिक घरातले. मंत्रिमंडळात याला जोरदार विरोध केला तो त्यातल्या एकमेव ज्यूने, भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी. आपला देश इंग्लंड आहे, आपल्याला कुठे परत पाठवू नका, हे त्यांचं म्हणणं. निर्णय झाला त्या वेळी ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते. ज्या दौऱ्यातून पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा निघाल्या, तोच हा दौरा.

आणि पॅलेस्टाईनमध्ये राहणारे लोक? १९२२ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या साडेसात लाखांवर होती, त्यात ज्यू सुमारे ८४ हजार. बाकी बहुतेक अरब, मुसलमान आणि ख्रिस्तीही. कीथने ज्याला लोकांविना देश म्हटलं तो लोकांनी भरलेला होता. भविष्यवाणीचा नकाशा डोळ्यांसमोर धरून चालणाऱ्याला वाटेतली घरं दिसली नाहीत. या विचाराचं हे सर्वांत मोठं पाप आहे, आणि ते आजही फेडून झालेलं नाही.

मुंबईत झिओनिस्ट संघटना १९२० मध्ये निघाली, पण बेने इस्राएल मोठ्या संख्येने निघाले ते १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यानंतर. इथे त्यांना कोणी छळलं नव्हतं. धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची काळजी होती, आणि एक भाऊ गेला की दुसरा जायचा. तिथे त्यांना काय भेटलं? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या धर्मपीठाने शंका काढली की हे मराठी बोलणारे लोक पुरते ज्यू आहेत का, त्यांच्याशी लग्न करावं का. बेने इस्राएलांनी धरणं धरलं, उपोषणं केली. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यांचं परतणं शतकानुशतकं प्रार्थनेत मागितलं गेलं, त्यांना परतल्यावर ओळखपत्र मागितलं गेलं.

आज भारतात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू उरले आहेत. बेने इस्राएलांची मोठी वस्ती मुंबईबरोबर ठाण्यात आहे, आणि टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये अजून नियमित प्रार्थना होते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे इस्राएलमध्ये लोद, दिमोना, अश्दोद या गावांत मराठी बोलली जाते, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

यहुदी परंपरेत मसीहाच्या आगमनाची वर्दी देणारा संदेष्टा म्हणजे एलिया. बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. तो अग्निरथातून स्वर्गात गेला तो यार्देन नदीच्या पलीकडून, हे ग्रंथात आहे. पण अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, असं कोकणातल्या बेने इस्राएलांची श्रद्धा सांगते. नवस फेडायला लोक तिथे जातात, इस्राएलला जाऊन राहिलेलेही सुट्टीत येतात. ताटात भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं आणि भोवती फळं. त्याला म्हणतात मलिदा. हिब्रू प्रार्थना म्हटली जाते आणि मग तो मलिदा सगळ्यांना वाटला जातो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाववाल्यालासुद्धा.